हौशी चप्पलकाम, तिसरा महिना: वेणीची रील आणि पायाचा कागद

मी हौसेने कोल्हापुरी चपला बनवून विकतो. मागील नोंदीत, चपलेवरची चामड्याची वेणी दाखवणाऱ्या माझ्या इन्स्टाग्राम रीलला मिळालेल्या प्रतिसादाविषयी मी फारच हुरळून लिहिले होते. ती रील हजारो लोकांनी पाहिली खरी, परंतु तिच्यातून केवळ दोन विचारणा आल्या आणि जोड एकही विकला गेला नाही. याउलट, कोऱ्या कागदावर अनवाणी पाऊल ठेवून, पेन्सिल उभी धरून कडा कशी आखावी आणि शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो कसा पाठवावा, हे दाखवणारी साधी रील फार थोड्यांनी पाहिली. तरीही इन्साइट्समध्ये, म्हणजे अॅपच्या आकडेवारीत, ती जतन करणाऱ्यांचा आकडा वेणीच्या रीलपेक्षा मोठा निघाला आणि या महिन्यातल्या पाचही जोडांची मागणी तिच्यामुळेच आली. दूरच्या गिऱ्हाइकाला चप्पल देखणी आहे का यापेक्षा ती पायाला बसेल का, याचीच धास्ती अधिक असते. कोल्हापूरच्या चप्पल लाईन या चपलांच्या बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराने हे मला पहिल्याच दिवशी सांगितले असते.

व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये सध्या फक्त कापशी हा कोल्हापुरीचा एकच प्रकार ठेवला आहे, कारण बाकीच्या घाटांवर माझा हात अजून बसलेला नाही. एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, हे मला उशिरा कळले. आता प्रत्येक जोडाबरोबर क्रमांक जतन करण्याची विनंती छापलेली चिठ्ठी जाते.

जून २०२५ मधल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला तिचे श्रेय न देता दाखवल्या आणि कोल्हापुरीची जगभर चर्चा झाली, तेव्हापासून त्या वादाचे हॅशटॅग लावण्याचा मोह अनेकांना होतो. मी ते टाळले. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या उत्पादनाच्या नावाला कायदेशीर संरक्षण, मिळाले असले, तरी अधिकृत वापरकर्ता म्हणून माझी नोंदणी नसल्याने त्याचे बोधचिन्हही मी वापरत नाही. त्याऐवजी चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले आहे, एवढेच लिहितो. त्यावर येणारे प्रश्न नेमके असतात, आणि पुढच्या रीलचा विषयही बहुधा त्यांतूनच सापडतो.

पाचांपैकी एक जोड अंगठ्यापाशी सैल पडल्यामुळे परत आला. गिऱ्हाइकाने पायात मोजे ठेवूनच आकार आखला होता. त्यामुळे रीलमध्ये पाऊल अनवाणी दिसत असले, तरी खालच्या मजकुरात 'मोजे काढून' हे दोन शब्द आता वाढवले आहेत.