खचणारा वाफा, कुजणारे कंद : तिसऱ्या वर्षाची नोंद

मागच्या ऑगस्टमध्ये वाफ्यातलं जरबेराचं रोप जरा हलवून बघितलं, तर पानांचा झुबका तसाच हातात आला. मुळं मातीतच राहिली. रोपाचा गाभा काळा, बुळबुळीत. त्या महिन्यात जरबेराची तीन रोपं गेली, अमरिलिसची पानं पिवळी पडून आडवी झाली आणि निशिगंधाने सलग दुसऱ्या वर्षी नुसती पात दिली, दांडा एकही नाही. मी सगळं खापर पुण्याच्या पावसावर फोडलं. विटांचा वाफा दीड फूट उंच, तळाला पाणी जायला भोकं, तीही मोकळी. म्हणजे आपल्या बाजूने काही चुकलेलं नाही, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

यंदा मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, सगळं उकरलं. अमरिलिसच्या शेजारी खुरप्याने सरळ उभा काप घेतला आणि तिथेच थबकले. वर चार बोटं काळंभोर गांडूळखत, त्याखाली मूळची तांबडी माती. कंदाची मान, म्हणजे पानं फुटतात तो वरचा निमुळता भाग, वरच्या काळ्या थरात पूर्ण गाडली गेलेली. लावताना तर मानेसकट वरचा तिसरा हिस्सा मी उघडा ठेवला होता, त्याचा फोटोही आहे.

वाफा भरताना जवळजवळ निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत घातलं होतं. ते कुजत गेलं तशी माती खचली आणि झाडंही तिच्याबरोबर खाली बसली. वाफा रिकामा दिसतो म्हणून मी दर दिवाळीला आणि पाडव्याला वरून भर घालत राहिले. थोडक्यात, दर सहा महिन्यांनी त्यांना आणखी थोडं पुरत गेले. जरबेराची नवी पानं अगदी मातीलगतच्या गाभ्यातून फुटतात. तिथे ओलं खत साचलं की पावसाळ्यात कूज ठरलेलीच. त्याच वाफ्यातली कर्दळ आणि सोनटक्का मात्र जोमात आहेत, कारण त्यांच्या गड्ड्यांना चार बोटं जास्तीची माती सहज चालते. म्हणून तर संशय मातीवर जात नव्हता.

निशिगंधाचं दुखणं वेगळं निघालं. 9 कंदांचे 64 झाले होते, एकमेकांना चिकटून, बरेचसे हरभऱ्याएवढे. निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो, पुढची फुलं त्याच्या पिल्लांवर येतात, आणि अशा दाटीत पिल्लं पोसणार कशी? अडीच सेंटिमीटरच्या वरचे 17 कंद निवडले, सावलीत सुकवले आणि वीतभर अंतरावर लावले. बारके वेगळ्या कुंडीत वाढवते आहे, त्यांच्याकडून यंदा फुलांची अपेक्षा नाही. उकरताना मुळं खाणाऱ्या हुमणीच्या दोन अळ्याही सापडल्या, अर्धवट कुजलेल्या शेणखतातून आल्या असाव्यात. पुढच्या वेळी खत पूर्ण मुरल्याशिवाय घालणार नाही.

अमरिलिसच्या चार कंदांपैकी एक हाताला पचपचीत लागला, वास सडक्या कांद्याचा. तो फेकला. बाकीच्यांचे तपकिरी पापुद्रे पांढरा गर लागेपर्यंत सोलले, चार दिवस सावलीत ठेवले आणि माना उघड्या ठेवून परत लावले. मातीत आता जाड वाळू आहे, कोकोपीट फक्त दहावा हिस्सा. जरबेराची नवी रोपं दोन इंच उंचवट्यावर बसवली आहेत, म्हणजे माती थोडी खचली तरी गाभा वरच राहील. भर घालायचीच झाली तर दोन झाडांच्या मधल्या जागेत, बुंध्याशी नाही.

20 जून : निशिगंधाच्या 17 पैकी 14 कंदांना कोंब. अमरिलिसचे तिन्ही कंद दाबून पाहिले, घट्ट आहेत, एकाला बोटभर पान आलंय. आतल्या विटेवर पांढऱ्या ऑइलपेंटने मातीच्या पातळीची रेघ मारून ठेवली आहे. पहिल्या दोन मोठ्या सरींनंतर माती रेघेखाली अर्धा इंच गेली आहे. भर घातलेली नाही.