आमची वाटचाल : जीआयकडून सीपीव्हीसीकडे, आणि तांबं नेमकं कुठे

आमच्या प्लंबिंग फर्मची सुरुवात जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांच्या, कामांनी झाली. डायने (आटे कापायच्या हत्याराने) आटे पाडायचे, गळू नये म्हणून वर धागा-सफेदा, आणि काही वर्षांनी आतून गंजून धार बारीक झाली की भिंत फोडून तोच पाइप काढायचा. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप, आल्यावर डाय माळ्यावर गेली. आता बंगल्याचं काम निघालं की मालक हमखास विचारतात, "तांब्याचं का नको?"

घरातल्या लाइनीला आम्ही सीपीव्हीसीच सांगतो. आयएस १५७७८ची (सीपीव्हीसी पाइपाच्या भारतीय मानकाची) छाप बघून, एसडीआर ११, म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट. तांब्याच्या जोडाला डाख (वितळवलेल्या धातूचा सांधा) लागतो, आणि पाइपात थेंबभर पाणी राहिलं तरी वाफ होऊन डाख धरत नाही. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी असतं. त्यात तांबं हळूहळू झिजतं, बेसिनवर निळे-हिरवे डाग पडतात. जुन्या जीआय लाइनीच्या आधी, पाणी येण्याच्या बाजूला, तर तांब्याचा तुकडा घालूच नये, पुढचं जीआय सडतं.

सीपीव्हीसीत पाइप क्वचित फुटतो, जोड दगा देतो. काटकोनात कापा, कडेची कुसळं काढा. कोरडा पाइप सॉकेटात (फिटिंगच्या तोंडात) एक तृतीयांश ते दोन तृतीयांश जाऊन अडकला पाहिजे. सोल्युशन (जोड चिकटवायचं द्रावण) पाइपवर सढळ, सॉकेटात पातळ. पाव फेरा देऊन १०-१५ सेकंद दाबून धरा. जेलीसारखं घट्ट झालेलं सोल्युशन फेकून द्या, थिनर घालू नका. टेस्टिंग २४ तासांनी, पाण्यानेच, आणि भिंतीतली झिरी (पाइपासाठी खोदलेली खाच) बुजवण्याआधी.

सर्वांत जास्त गळती पितळी आट्यांच्या फिटिंगला. टेफ्लॉन टेपचे वेढे भरमसाट, वर पान्याचा जोर; पितळेभोवतीचं प्लास्टिक केसाएवढं चिरतं आणि टाइलमागे महिन्यांनी ओल दिसते. हाताने घट्ट झाल्यावर एक-दोन फेरे पुरे.

गरम पाण्याची १० मीटर लाइन ४० अंशांनी तापली तर सीपीव्हीसी जवळपास २५ मिमी वाढतो, तांबं ७. म्हणून क्लॅम्प ९० सेंमीवर, पाइप सरकेल इतका सैल. गच्चीवर उन्हातल्या पाइपाला पाण्यात मिसळणारा ॲक्रेलिक रंग द्या, ऑइलपेंट नको.

तांबं आम्ही एकाच ठिकाणी आग्रहाने लावतो : सोलर हीटरच्या टाकीतून निघणारा गच्चीवरचा पाइप. सीपीव्हीसीची मर्यादा ८२ अंश. उन्हाळ्यात चार दिवस घर बंद असलं, तर काचेच्या ट्यूबवाल्या सोलरचं पाणी त्याच्याही पुढे जाऊ शकतं. तेवढा तुकडा तांब्याचा, वर इन्सुलेशन.