तुम्ही विचारलंत म्हणून: भावांना सही का दिली नाही

हळदीला, बारशाला, ऐरोलीच्या बाजारात भाजी घेताना, कुठेही ओळखीची बाई भेटली की दोन वाक्यांनंतर तिचा आवाज खाली येतो. "तुम्ही खरंच भावांना सही दिली नाहीत? का हो?" काही जणी रागाने विचारतात, काही जणी आपलं काहीतरी मनात धरून विचारतात. बाजारात उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

सही म्हणजे हक्कसोडपत्रावरची सही. आमच्या आगरी गावांत वडील गेले की लेकींनी त्यांच्या मिळकतीतला आपला हक्क भावांच्या नावे सोडायचा, हे इतकं ठरलेलं आहे की त्याला कुणी मागणं म्हणत नाही. बाबा २०१९ च्या जुलैत गेले. डिसेंबरात मोठ्या भावाने आम्हा तिघी बहिणींना घरी बोलावलं. वहिनी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, आई भिंतीला टेकून बसली होती. दादाने स्टँपपेपरचा गठ्ठा काढला आणि म्हणाला, "सोमवारी रजिस्ट्रेशनला जायचंय. आज सह्या करून ठेवा, खाली पेन्सिलने फुल्या मारल्यात."

मी तेव्हा बेलापूरला एका खासगी कचेरीत हिशेब बघायचे. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय नोकरीने लावलेली. वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर होतं: मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता व कोणताही मोबदला न घेता, सदर मिळकतीतील माझा हक्क कायमचा सोडून देत आहे. ती ओळ मी दोनदा वाचली. राजीखुशी? मला कुणी विचारलंच नव्हतं. दादाला म्हटलं, "हे खरं नाही. मी यावर सही करू शकत नाही."

पहिलं उत्तर एवढंच आहे. त्या क्षणी मला जमीन हवी होती की नको, हेही माझं ठरलेलं नव्हतं. माझ्या नावाने खोटं लिहिलेलं मला चालत नव्हतं.

जमीन किती, तेही सांगते, कारण लोकांना वाटतं कोट्यवधींचा मामला असेल. शिळफाट्याच्या पलीकडे, कल्याण तालुक्यात २२ गुंठे. आई, दोन भाऊ, तीन बहिणी, असे सहा वारस. प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन गुंठ्यांहून थोडं जास्त.

ती जमीन आली कुठून, ही गोष्ट मात्र मोठी आहे. आमचं गाव ठाणे तालुक्यातल्या खाडीपट्ट्यातलं. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनात गेल्या. आमची भातशेती आणि खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा, एक तुकडा त्यात होता. लगेच सगळं थांबलं नाही. १९८२ च्या सुमारासही आम्ही लावणी करत होतो. दहा वर्षांची मी आईच्या मागे चिखलात रोपांच्या मुठी टाकत जायचे. पाऊस ओसरला की बांध फुटलाय का बघायला आई पहाटे जायची. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कधी टाकायची, खारं पाणी आत येऊ नये म्हणून भरतीची वेळ कशी धरायची, हे सगळं तिला पाठ होतं. पण उताऱ्यावर नाव बाबांचं, त्याआधी आजोबांचं. त्यामुळे मोबदला आला तो बाबांच्या नावे आणि प्रकल्पग्रस्त ठरले ते बाबा. आई कोण ठरली? प्रकल्पग्रस्ताची बायको.

प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मोर्च्यांना आई गावातल्या बायांबरोबर जायची. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादन झालेल्या एका एकरामागे हिशेबाने पाच गुंठे विकसित जमीन, आणि त्यातून सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के वजा केले की हातात साडेतीन. तो प्लॉटही बाबांच्याच नावे आला. बाबांनी तो हयातीत विकला. त्यात दोन्ही भावांची घरं झाली आणि उरलेल्या पैशांत शिळफाट्यापलीकडचे हे २२ गुंठे घेतले. घरांबद्दल मी एक शब्द बोललेले नाही. बाबांनी स्वतः दिलं ते दिलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो सहसा लगेच येतो. "लग्नात दिलं होतं ना तुम्हाला?" हो, दिलं. पाच तोळे आणि दोन दिवसांचं जेवण. माझ्या दोन्ही भावांच्या लग्नातही बाबांनीच खर्च केला, हळदीला अख्खं गाव जेवलं. त्यांच्या वाट्यातून तो खर्च कुणी वजा केला नाही. "तुमचं स्वतःचं घर आहे, नोकरी होती, गरज काय?" असंही विचारतात. धाकट्या भावाचाही पगार चांगला आहे. त्याला गरजेचा दाखला कुणी मागितलेला मी ऐकला नाही.

कायद्याचं थोडं सांगते, कारण यात फार घोटाळा आहे. दादाच्या एका मित्राने तेव्हा मला ऐकवलं, "ताई, तुमचं लग्न आधीचं, तुम्हाला हक्कच नाही." तो अगदीच हवेत बोलत नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, पण कायदा लागू झाला त्या २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. माझं लग्न त्याच वर्षी मे महिन्यातलं. पाच-सहा आठवड्यांनी मी बाहेर! पण ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झालेल्या दुरुस्तीने लग्न झालेली आणि न झालेली हा फरक काढून टाकला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री उकरून काढता येत नाही.

आणि जे जवळजवळ कुणालाच माहीत नसतं ते असं. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा वाटा आहे, आणि तो १९५६ पासून आहे. माझ्या आईचे वडील १९७१ मध्ये गेले. तेव्हाही हा कायदा होता. आईच्या माहेरी त्याचं नाव कुणी काढलं नाही. वकीलबाईंनी मला हे सांगितलं त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ नुसती बसून होते.

पुढे काय झालं ते. सोमवारची रजिस्ट्रेशनची फेरी रद्द झाली. दादा बोलेनासा झाला. मग टाळेबंदी आली. २०२१ च्या सुरुवातीला 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर आमच्या जमिनीच्या गटाचा नंबर टाकून पाहिला (भाचीने शिकवलं होतं), तर फेरफार, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलण्याची नोंद, प्रलंबित दिसला. वारस नोंदीच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात बाबांचे वारस म्हणून फक्त दोन मुलगे. बहिणी नाहीत. आईसुद्धा नाही! मला बहिणींपेक्षा आईचं नाव नसल्याचं जास्त लागलं. ती तेव्हा त्याच घरात राहत होती, त्यांच्याच ताटात जेवत होती.

फेरफाराची नोटीस निघाल्यापासून १५ दिवसांत हरकत घेता येते. मी नवव्या दिवशी लेखी हरकत दिली आणि पोच घेतली. पोच घ्या, बायांनो, शिक्का आणि तारीख बघून घ्या. ज्या कार्यालयात गेले तिथल्या एकाने समजुतीच्या सुरात सुचवलं, "बहिणींची नावं इतर हक्कात टाकू, म्हणजे कुणालाच वाईट वाटणार नाही." सातबाऱ्यावर भोगवटादार, म्हणजे जमिनीचा धारक, म्हणून नाव असणं आणि इतर हक्कांच्या रकान्यात असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुन्या उताऱ्यांवर लेकी, बहिणी, विधवा सगळ्या त्या रकान्यात ढकललेल्या दिसतात, आणि वर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.क.', म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. मी नाही म्हटलं. मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली, रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले लावले, आणि सहाही नावं भोगवटादार म्हणून लागली. फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे, तो महसुलाची नोंद आहे, हे मला माहीत आहे. पण उद्या विकायला काढली तर घेणारा आधी उताराच बघतो.

उतारा घेऊन आईकडे गेले. तिला वाचता येत नाही. "माझा नाव कुठं हाय?" तिने विचारलं. मी दाखवलं. तिने त्या अक्षरांखालून नखाने रेघ ओढली, पार शेवटच्या अक्षरापर्यंत. मग विचारलं, "एवढा लांब हाय माझा नाव?" आयुष्यभर तिला सगळ्यांनी एका शब्दात हाक मारली होती, बाबांचं नाव, आडनाव जोडून स्वतःचं नाव छापलेलं ती पहिल्यांदाच जमिनीच्या कागदावर बघत होती. कागदाची घडी करून तिने तो पत्र्याच्या डब्यात ठेवला.

माझी थोरली बहीण नंतर स्वतःहून हक्क सोडून मोकळी झाली. मी तिच्याबरोबर गेले होते. तिने कागद वाचला, दादाच्या मुलीच्या शिक्षणासाठी सोडते म्हणाली, सही केली. तिच्या कागदावरची राजीखुशी खरी होती, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. सोडायचा अधिकारही तिचाच आहे ना.

भाऊबीजेचं विचारता तुम्ही. धाकटा येतो. दादा दोन दिवाळ्या आला नाही, तिसऱ्या वर्षी आला, ओवाळून घेतलं, जमिनीबद्दल आम्ही बोलत नाही. त्या दोन दिवाळ्या मी ताट करून ठेवलं होतं. ते दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आता शनिवारी बचतगटाच्या बाया कागद घेऊन माझ्याकडे येतात. शहापूरकडून रानभाजी आणणारी एक कातकरी बाई आली होती. तिच्या वनपट्ट्यावर नवऱ्याबरोबर तिचंही नाव आहे, कारण २००६ च्या वनहक्क कायद्यातच पती-पत्नी दोघांच्या नावे पट्टा द्यायचं लिहिलं आहे. पण तिच्या वडिलांच्या शेताचं विचारलं तेव्हा मला सांगावं लागलं की हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तिची वाट वेगळी आणि जास्त कठीण आहे. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहितीधारकांमध्ये, म्हणजे शेतीचा कारभार ज्यांच्या हाती त्यांच्यात, बाया सुमारे १४ टक्के आहेत. लावणीच्या दिवसांत शिळफाट्याच्या पुढे बांधावर उभं राहून चिखलात वाकलेल्या पाठी मोजा, मग हा आकडा आठवा.

गेल्या महिन्यात धाकट्याची बायको आली. हीच मला २०१९ मध्ये म्हणाली होती की तुम्ही आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढताय. चहा झाला तरी ती उठेना. मग म्हणाली, "ताई, यांच्या वाट्यात माझं नाव लावता येतं का?" येतं. नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, त्यानंतर १९९२ मध्ये शासनाने त्यासाठी परिपत्रक काढलं. "आणि त्यांनी अर्ज केलाच नाही तर?" तर काही नाही. नवरा हयात असताना त्याच्या जमिनीत हक्काने नाव लावून मागता येत नाही. हे सांगताना मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

मग मी विचारलं, तुझ्या माहेरचं काय? तिचं माहेर उरणकडचं, वडील २०१७ मध्ये गेले. ती म्हणाली, तिने तेव्हाच हक्कसोड दिली. नोंदणी झालेली हक्कसोड अशी मागे घेता येत नाही. फसवून घेतली असेल तर दिवाणी कोर्टात जावं लागतं, तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. म्हणून विचारलं, सही करताना वाचायला दिलं होतं का?

"नाही, ताई," ती म्हणाली. "फुल्या मारलेल्या होत्या, तिथे सह्या केल्या."