रंगासाठी उतरवलेला रेडिएटर आणि पहाटे उघडलेला व्हॉल्व्ह

जानेवारीत सकाळी फोन आला तेव्हा इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या त्या जुन्या विटांच्या घरात बैठकीचा गालिचा काळ्या पाण्यात भिजला होता. घरमालक आपलेच, साताऱ्याकडचे. मागची भिंत रंगवायची म्हणून त्यांनी आदल्या दिवशी रेडिएटर, म्हणजे गरम पाण्याने खोली तापवणारा भिंतीवरचा पोलादी पंखा नव्हे तर पोकळ पत्रा, स्वतः उतरवला होता, आणि तोही नीट. "व्हॉल्व्ह शून्यावर करून ठेवला होता हो दादा, झोपेपर्यंत थेंब नव्हता," ते म्हणाले. ते खरंच होतं. पाणी पहाटे आलं.

इंग्लंडमधल्या घरांत रेडिएटरला सहसा दोन व्हॉल्व्ह असतात. एका टोकाला आकडे असलेला थर्मोस्टॅटचा, दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या टोपीखालचा लॉकशील्ड. लॉकशील्ड पान्याने आवळला की बंद. थर्मोस्टॅटचं तसं नाही. त्याच्या डोक्यात मेण किंवा द्रव भरलेली डबी असते. खोली तापली की ती फुगून खालची पिन दाबते, गार झाली की आक्रसते आणि स्प्रिंग पिनेला वर उचलते. सगळ्यात खालच्या खुणेवरही खोली ६-७ अंशांपर्यंत उतरली की पाइप गोठू नयेत म्हणून तो उघडतो. काही डोक्यांवर पूर्ण बंद होणारं शून्य असतं, पण उतरवलेल्या रेडिएटरसाठी त्यावरही विसंबू नये. इथे रंगाचा वास जावा म्हणून खिडकी उघडी होती आणि हीटिंग बंद. व्हॉल्व्ह बिघडलाच नव्हता.

अशा वेळी आधी वीज. सॉकेट तळाशी असतात, फळ्यांच्या जमिनीखालून वायरी जातात. त्या मजल्याचं सॉकेट सर्किट मुख्य बोर्डावरून बंद केलं. मग पोटमाळा. घरात जुनी पद्धत होती, वर छोटी टाकी आणि तिला बॉलकॉक. खाली जितकं गळेल तितकं बॉलकॉक वरून भरत राहतो, म्हणजे गळती आपणहून थांबतच नाही. टाकीवर आडवी पट्टी ठेवून बॉलकॉकचा दांडा तिला वर बांधला. खाली येऊन थर्मोस्टॅटचं डोकं काढलं आणि पिनेवर रंगकामाची प्लॅस्टिक टोपी शेवटपर्यंत फिरवली. पाणी थांबलं.

ही टोपी नव्या व्हॉल्व्हच्या खोक्यात येते आणि बरेच जण ती खोक्यासकट फेकून देतात. ती पिन दाबून धरते, मग खोली कितीही गार होवो. तरी रात्रभर तिच्या एकटीच्या भरवशावर राहायचं नाही. दोन्ही व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडांवर वॉशरसकट पितळी झाकण-नट बसवायचे. हे नट स्वस्त असतात आणि माझ्या मते रंगाच्या डब्याबरोबरच विकत घ्यावेत.

उतरवण्याचा क्रम असा. बॉयलर बंद करून पाणी गार होऊ द्यायचं. थर्मोस्टॅटवर टोपी. लॉकशील्ड बंद करताना किती फेरे लागले ते लिहून ठेवायचं, कारण घरभरच्या रेडिएटरांचा समतोल, म्हणजे कुणाला किती गरम पाणी मिळतं ते, त्यावर असतो. या घरमालकांनी ते टेपवर लिहून खिडकीला चिकटवलं होतं, फार बरं झालं. मग खाली पसरट भांडं आणि जुने टॉवेल ठेवून एका बाजूचा नट अर्धा फेरा सैल करायचा. धार ओसरली तर ठीक. वरचा हवेचा स्क्रू उघडल्याशिवायही पाणी तसंच येत राहिलं तर कुठला तरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये. नट परत आवळायचा आणि प्रणाली रिकामी करूनच पुढे जायचं. नट फिरवताना व्हॉल्व्हचं अंग दुसऱ्या हातात पकडीने धरायचं, नाहीतर पाइप पिळवटतो आणि जमिनीखालचा सांधा हलतो. ६०० बाय १२०० मिलिमीटरच्या दुहेरी रेडिएटरमध्ये ७-८ लिटर पाणी मावतं आणि रिकामा असतानाही त्याचं वजन ४० किलोच्या आसपास भरतं. दोघांनीच उचलावा, तोंडांत फडकी कोंबून.

पाणी काळं असतं ते मॅग्नेटाइटमुळे, म्हणजे आतल्या पोलादाच्या गंजाच्या बारीक पुडीमुळे. गालिच्यातून तो डाग सहसा जात नाही. पण मला गालिच्यापेक्षा काळजी वाटत होती ती पाइपांतल्या पाण्याची. काही तास बॉलकॉक ताजं पाणी भरत होता. ताज्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, आणि गंज रोखणारं इन्हिबिटर त्या पाण्यात पातळ होऊन वाहून गेलं होतं. असं पाणी तसंच ठेवलं तर रेडिएटर आतून कुजतात. म्हणून उतरवलेला रेडिएटर बागेत नेऊन नळीने धुतला, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि नवं इन्हिबिटर नरसाळ्याने त्यातच ओतलं. मात्रा बाटलीवर रेडिएटरांच्या संख्येप्रमाणे दिलेली असते. यात हात आखडता घेऊ नये.

भिंतीचं काम मात्र थांबलं. तळाचं प्लास्टर भिजलं होतं. ओल्यावर रंग चढवला की तो फुगून सुटतो आणि काळपट डाग पाण्यात कालवलेल्या रंगातून पुन्हा वर येतो, म्हणून पूर्ण सुकल्यावर आधी डागरोधक प्रायमर, मग रंग. वॉलपेपर लावायचा असता तर गोंद वाळेपर्यंत हीटिंग लावायचं नाही. कागद भराभर आकसतो आणि जोड उघडतात.

परत बसवताना दोन्ही नट आधी हाताने चढवले, मग पान्याने आवळले. नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय अनेकांना असते. तिचा इथे उपयोग नाही, कारण पाणी आटे नव्हे तर आतले पितळी तोंडाचे दोन भाग एकमेकांवर दाबून अडवतात. ती तोंडं पुसून स्वच्छ हवीत. मग बॉलकॉक सोडला, लॉकशील्ड लिहिलेल्या फेऱ्यांइतका हळूहळू उघडला, वरच्या स्क्रूतून हवा जाऊन पाणी आल्यावर तो बंद केला, आणि शेवटी टोपी काढून थर्मोस्टॅटचं डोकं लावलं. दोन्ही सांध्यांवर कोरडा टिश्यू फिरवला, गार असताना एकदा आणि रेडिएटर पूर्ण तापल्यावर परत एकदा, कारण गार असताना कोरडा दिसणारा सांधा धातू प्रसरल्यावर पाझरू शकतो.