तिसरा फ्लास्क

पाडव्याला आठ दिवस उरले होते, श्रीखंडाच्या ऑर्डरी डोक्यावर, आणि डेअरीतली दोन हजार लिटरची टाकी काही विरजेना.

दूध ९० अंशांना तापवून ४३ वर आणलेलं, कल्चर, म्हणजे पाकिटातलं विरजण, नेहमीचंच. एरवी चार-पाच तासांत आम्लता ०.७ टक्क्यांवर जाते. त्या दिवशी सहा तास झाले तरी ०.३! पहिला संशय औषधावर. कासदाह झालेल्या गाईला इंजेक्शन दिलं की अँटिबायोटिक दुधात उतरतं, विरजणाचे जिवाणू मरतात. पण चाचणी निगेटिव्ह आली. कल्चरही ठणठणीत, लॅबमधल्या दुधात त्याच पाकिटाचं दही घट्ट लागलं.

मग टाकीतलं दूध आम्ल घालून फाडलं, निवळी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळली. जिवाणू बहुतेक त्यातच अडकतात. खाली उतरलेल्या पाण्यातला १ मिली, कल्चर घातलेल्या १०० मिली ताज्या दुधात टाकला. लागलं नाही. त्यातला १ मिली दुसऱ्या फ्लास्कात. नाही. तिसऱ्यात. तरी नाही. औषध असतं तर एव्हाना दहा लाखांत एक भाग उरून त्याचा जोर संपला असता. हे उलट प्रत्येक फ्लास्कात नव्याने वाढत होतं! विषाणूला एकट्याने वाढता येत नाही; जिवाणूत शिरायचं, त्याच्याकडूनच आपल्या प्रती काढून घ्यायच्या आणि त्याला फोडून बाहेर पडायचं. बॅक्टेरिओफेजची, म्हणजे जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूची, व्याख्या कॉलेजात घोकली होती, धाक आत्ता बसला. (माणसाला तो काही करत नाही, हे साहेबांना तीनदा सांगावं लागलं.)

उगम त्याच हॉलमध्ये सापडला. तिथेच चक्का गाळत होतो आणि निवळीचे शिंतोडे उडत होते. चक्का दुसऱ्या खोलीत नेला, टाक्या पेरॲसेटिक आम्लाने धुतल्या, वेगळ्या वाणाचं कल्चर मागवलं. पाडवा निभावला.

तिसरा फ्लास्क मात्र मी इन्क्युबेटरमध्येच विसरले. दोन दिवसांनी पाहते तर दही लागलेलं! मायक्रोस्कोपखाली तीच मण्यांची माळ. हल्ल्यातून तगलेले जिवाणू. विषाणूच्या डीएनएचा तुकडा आपल्या डीएनएत जपायचा आणि पुढच्या वेळी त्यावरून शत्रू ओळखायचा, ही जिवाणूंची युक्ती २००७ साली सिद्ध झाली तीही दह्याच्याच स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसवर. क्रिस्पर म्हणतात ते हेच.

भांडी धुणाऱ्या मावशींनी फ्लास्क हुंगला. "चांगलं लागलंय की मॅडम. विरजणाला नेऊ का थोडं?"