बिल माफ झालं, रात्र कुठं माफ झाली? आमच्या गावच्या सौर ठरावाचा अनुभव

आमच्या रानातून सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी स्वच्छ दिसते. 660 मेगावॅटचे दोन संच, पहिला 2017 मध्ये सुरू झाला, दुसरा 2019 मध्ये. कोळसा रेल्वेने येतो, पाणी उजनी धरणाचं. तीच उजनी उन्हाळ्यात मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खाली, गेली की सोलापूर शहराच्या नळाला चार-चार दिवस पाणी नसतं. आणि इतकी वीज उशाला असूनही आमच्या विहिरीवरच्या मोटारी रात्री-अपरात्री चालायच्या, कारण थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, पाळीनं.

कोळशाची वीज बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण गावात नुसतं हवामान बदलावर बोलून माणसं जमत नाहीत. म्हणून आम्ही काही जणांनी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हातात घेतली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा करायचा, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या लाईनला, द्यायची आणि शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळू द्यायचं. योजना 2017 ची, तिची 2.0 आवृत्ती 2023 मध्ये आली. राज्यात महावितरणच्या विक्रीपैकी साधारण 30 टक्के वीज शेतीला जाते आणि हीच वीज उन्हावर न्यायला सगळ्यात सोपी आहे. घरातला दिवा रात्रीच लागतो, उसाला पाणी मात्र दुपारी दिलं तरी चालतं.

पारावर बसल्यावर पहिला प्रश्न आप्पांचा. ‘‘साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल सरकारनं 2024 मध्येच माफ केलंय. मग हा उद्योग कशाला?’’

मी म्हणाले, ‘‘आप्पा, बिल माफ झालं, रात्र कुठं माफ झाली?’’

मग हिशेब मांडला. पाच एचपीची मोटर आठ तास चालली की जवळपास 30 युनिट होतात. एका युनिटला सहा-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे एका विहिरीमागे रोज 20 किलोच्या आसपास. शेजारच्या पोरानं दुकानातून 20 किलोचं तांदळाचं पोतं आणून पारावर ठेवलं. आप्पा बराच वेळ त्या पोत्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, ‘‘आन् राख?’’ भारतीय कोळशात राख 30-40 टक्के असते, हे सांगितल्यावर विरोध तरी थांबला.

खरा जोर आला तो महिला सभेतून. ग्रामसभेआधी ती घ्यायची असते, बऱ्याच गावांत ती फक्त वहीत होते. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून खरीखुरी घेतली. एक मामी उभ्या राहिल्या. ‘‘रात्री दोनला लाईट आली की हे बॅटरी घेऊन निघतात. परत येईस्तोवर माझा डोळा लागत नाही. मागच्या पावसाळ्यात पाइपापाशी घोणस होती.’’ त्यानंतर एकेक बाई बोलत गेली. मला वाटतं, आमचा ठराव तिथंच झाला.

ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल तेवढा कोरम लागतो. पहिली सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरमची अट नसते, पण पाच-पन्नास सह्यांवर एवढा निर्णय आम्हाला नको होता. वस्त्या-वस्त्यांवर पुन्हा फिरलो, तेव्हा पटांगण भरलं.

आणि तिथं जागेचा प्रश्न निघाला. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात आणि सरकारी जागा म्हणजे गायरान. धनगर वस्तीवरचे बापू सरळ बोलले, ‘‘ज्वारी निघाल्यावर मेंढरं जातात कुठं? तुम्ही काचा लावा, आम्ही काय चारायचं?’’ काही जणांना तो आडमुठेपणा वाटला. मला नाही. खाणीसाठी जंगलातली माणसं उठवतात म्हणून आपण कोळशाला नावं ठेवतो आणि सौरसाठी मेंढपाळ उठवायचे, हे मला पटणारं नव्हतं. मग तलाठ्यांकडून उतारे काढले, बापूंना बरोबर घेऊन शिवार पायी फिरलो. ओढ्याकाठचा चाऱ्याचा पट्टा आणि पाझर तलावाची वाट सोडली, पलीकडचा मुरमाड माळ तेवढा ठरावात घातला, गट नंबर आणि चतुःसीमेसकट. कमी पडलेली जागा एका खासगी जमिनीतून धरली, तिला योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे. गावात प्रकल्प आला तर ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल 5 लाख मिळतात. त्यातला पहिला खर्च मेंढरांच्या पाण्याच्या हौदावर, हेही त्याच ठरावात लिहून घेतलं.

पुढचं सगळं कागदांचं. तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय, महावितरण. सगळ्यात जास्त वेळ मोजणीनं खाल्ला, कारण उताऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळेना. कुणी हे करणार असेल तर ठराव करण्याआधी मोजणीचा नकाशा हातात घ्या आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. एका कार्यालयात आमची फाईल सापडेना, तेव्हा पोचेच्या शिक्क्यानंच ती टेबलावर आली.

आता आमच्या फीडरला लाईट दिवसा असते. मामींचे यजमान सकाळी न्याहारी करून रानात जातात. चिमणी अजून चालू आहे, सूर्य मावळल्यावर गावातले दिवेही त्याच ग्रिडवर लागतात. पण शेतीचा भार तिच्यावरून उतरू शकतो, हे आता आम्ही शेजारच्या गावांना आमच्या शिवारात आणून दाखवतो. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गावठाणातली छपरं घेतली आहेत. घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवायच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, पण पत्र्याच्या घरांचं काय करायचं आणि वरचे पैसे हातावर पोट असलेल्यानं कुठून आणायचे, यावर महिला बचत गटाशी बोलणी चालू आहेत.