झॅबिक्ससाठी सर्व्हर निवडताना : माझा अनुभव

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नेटवर्क सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. २४ पोर्टचे ४० स्विच, ९५ वाय-फाय अ‍ॅक्सेस पॉइंट, दोन राउटर, काही सर्व्हर आणि यूपीएस एवढ्या पसाऱ्यावर लक्ष ठेवण्यासाठी आम्ही झॅबिक्स हे देखरेखीचे सॉफ्टवेअर वापरतो. सुरुवातीला ते प्रयोगशाळेतून काढलेल्या, ८ जीबी मेमरीच्या जुन्या टॉवर सर्व्हरवर बसवले होते. पहिले तीन महिने कसलीही अडचण आली नाही. त्यानंतर मात्र आलेखांत मधूनच रिकाम्या जागा दिसू लागल्या, आणि वसतिगृहातील स्विच बंद पडल्याची सूचना विद्यार्थ्यांची तक्रार येऊन गेल्यावर माझ्यापर्यंत पोहोचू लागली.

प्रोसेसर अपुरा पडत असावा असे समजून मी नव्या यंत्राचे दरपत्रक मागवले. पुरवठादाराने प्रत्येकी १६ कोअरचे दोन प्रोसेसर आणि ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या) चार हार्ड डिस्क सुचवल्या. हा कागद खरेदी समितीपुढे ठेवण्याआधी मी एक पूर्ण दिवस जुन्या सर्व्हरवर मोजमाप केले, आणि माझा समज चुकीचा असल्याचे लक्षात आले. प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच होता आणि डिस्ककडून उत्तर येण्याची वाट पाहत होता. आम्ही नोंदी ९० दिवस ठेवत होतो. त्यामुळे पहिले तीन महिने फक्त लिहिण्याचे काम होते, पण मुदत संपलेल्या नोंदी पुसणारा हाउसकीपर दर तासाला कामाला लागल्यापासून लिहिणे, पुसणे आणि आलेखांसाठी वाचणे हे सारे एकाच डिस्कवर येऊन पडले. ७२०० आरपीएमची डिस्क विखुरलेल्या जागी सेकंदाला साधारण शंभराच्या आतच हालचाली करू शकते. तशाच चार डिस्क रेड १० मध्ये, म्हणजे प्रत्येक नोंद दोन डिस्कवर लिहिणाऱ्या रचनेत, जोडल्या असत्या, तरी लिहिण्याची क्षमता फार तर दुप्पट झाली असती.

मग मी आधी हिशेब मांडला. एका पोर्टमागे आठ आयटम (झॅबिक्स वेळोवेळी वाचते ती एकेक मोजणी) धरले तर ९६० पोर्टचे ७,६८० होतात, आणि बाकीची उपकरणे मिळवून आकडा सुमारे १२,००० वर जातो. प्रत्येक आयटम मिनिटाला एकदा वाचायचा म्हटले, तर सेकंदाला २०० मूल्ये, म्हणजे दिवसाला १ कोटी ७२ लाख ८० हजार नोंदी होतात. एका नोंदीला ढोबळमानाने ९० बाइट धरल्यास दिवसाला दीड जीबीच्या थोडे वर आणि ९० दिवसांना सुमारे १४० जीबी जागा लागते. जागेचा प्रश्न मोठा नव्हताच. प्रश्न त्या जागेवर किती वेगाने लिहिता-वाचता येते याचा होता.

म्हणून १६ कोअरचा हट्ट सोडून आम्ही ८ कोअरचा एकच प्रोसेसर, ६४ जीबी ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) मेमरी आणि रेड १ मध्ये, म्हणजे एकमेकींची हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या, ९६० जीबीच्या दोन सर्व्हर दर्जाच्या एसएसडी (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क) अशी मागणी नोंदवली. मेमरीत हात आखडता घेतला नाही, कारण डेटाबेसचा वारंवार लागणारा भाग तिच्यात मावला की डिस्कवरचा ताण फार कमी होतो. वीज अचानक गेली तरी लिहिणे पूर्ण करता येईल अशी सोय एसएसडीमध्येच असावी, ही अट मी आग्रहाने घातली. नेटवर्क कार्डाबाबत फार विचार करावा लागला नाही. एसएनएमपीची (उपकरणांकडून माहिती वाचण्याच्या प्रोटोकॉलची) वाहतूक इतकी कमी असते की एक गिगाबिट पुरेसे ठरते.

समितीतील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारले की, व्हर्च्युअलायझेशनच्या (एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या) सर्व्हरवर जागा शिल्लक असताना वेगळे यंत्र कशाला? प्रश्न रास्त होता. परंतु ते सर्व्हर किंवा त्यांचे सामायिक स्टोरेज बंद पडले, तर ते बंद पडल्याचे सांगणारी यंत्रणाही त्यांच्यासोबतच बंद पडेल, हे मी समजावून सांगितल्यावर सरांनीच प्रस्तावाला अनुमोदन दिले.

यंत्र येईपर्यंत मी भारही हलका केला. न वापरलेले पोर्ट झॅबिक्सच्या आपोआप होणाऱ्या शोधातून वगळले आणि पोर्टचा वेग यांसारखी क्वचितच बदलणारी माहिती तासातून एकदाच वाचायला लावली. हार्डवेअर मात्र १२,००० आयटमच्याच हिशेबाने घेतले, कारण वसतिगृहाची नवी इमारत उभी राहत होती. नव्या सर्व्हरवर पोर्टच्या तपशीलवार नोंदी आता ३० दिवसच ठेवतो. तासागणिक सरासरी वर्षभर राहते आणि तिला १२,००० आयटम धरूनही दहा जीबीपेक्षा कमी जागा पुरते.